जुन्या इंजिनाचं हेड पहिल्यांदाच खोलताय? या चुका टाळा

नागपुरात हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधली पातळ चकती, उडण्याचा सिझन असतो. एप्रिलच्या मध्याला सुरू होतो, पहिला दमदार पाऊस पडेस्तोवर चालतो. गाडी बहुतेक वेळा कार्बोरेटरवाली मारुती ८००, अधूनमधून पद्मिनी, क्वचित एखाद्या काकांनी जीव लावून सांभाळलेली अँबेसेडर. आणि मग फोन येतो: "भाऊ, हेड मीच खोललं, सगळं सामान नवीन टाकलं, तरी गाडी पाणी खाऊन राहिली."

स्वतः हेड खोलायला माझी हरकत नाही. पण व्हिडिओ पाहून शनिवारी सकाळी खोलायचं आणि रविवारी संध्याकाळी फुटाळ्यावर चक्कर मारायची असा बेत असेल, तर गाडी सरळ मिस्त्रीकडे द्या. मशीन शॉपवालाच तुमच्या हेडला हात लावायला दोन-तीन दिवस घेतो, आणि त्याने घाई केली तर तुमचंच नुकसान आहे.

गॅस्केट उडाली, पण का?

हा प्रश्न कोणी विचारतच नाही. गॅस्केट आपणहून उडत नाही. इंजिन तापलं म्हणून उडते, आणि तापण्याचं कारण बहुतेक वेळा हेडच्या बाहेर असतं: चोक झालेला रेडिएटर, न चालणारा पंखा, सैल झालेली रेडिएटर कॅप. आपल्याकडे त्यात बोअरच्या पाण्याची भर. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतलं की हेडच्या आतल्या वाटांवर क्षाराचा थर चढतो, आणि तो थर उष्णता पाण्यापर्यंत जाऊच देत नाही. हेड काढल्यावर त्या भोकांमध्ये टॉर्च मारून बघा. पांढरट-तपकिरी पापुद्रे दिसले तर रेडिएटरही सोबतच उतरवा, रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या, आणि परत भरताना डिस्टिल्ड पाणी आणि कूलंटच भरा.

दुसरा लाडका उपाय म्हणजे थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेस्तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून फेकणे. "नागपुरात कायले पाहिजे थर्मोस्टॅट?" हे वाक्य मी इतक्या गॅरेजांत ऐकलंय की आता वादही घालत नाही. थर्मोस्टॅट काढल्याने चोक झालेला रेडिएटर मोकळा होत नाही. उलट डिसेंबरात इंजिन तापायलाच वेळ लागतो, चोक ओढून गाडी चालवावी लागते आणि ती पेट्रोल पिते. तपासणं सोपं आहे. पाण्यात बुडवा, गॅसवर ठेवा, सोबत थर्मामीटर धरा. कितीला उघडतो तो आकडा त्याच्यावरच छापलेला असतो, साधारण ८२ अंशांच्या आसपास. भांडं मात्र घरातलं घेऊ नका. नंतर त्याच पातेल्यात दूध तापवलेलं घरच्यांना कळतं.

खालचा फेस (सपाट बाजू) चकचकीत झाला म्हणजे हेड सरळ झालं असं नाही

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे, म्हणून जरा सविस्तर.

८०० आणि पद्मिनी दोन्हींचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा (कास्ट आयर्नचा). तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. बोल्टांनी जखडलेलं हेड जास्त तापलं की त्याला पसरायला जागा राहत नाही, म्हणून ते वाकतं.

मानेवाड्याचा एक मुलगा, इंजिनिअरिंगला होता तेव्हा. वडिलांची ८०० घेऊन मे महिन्यात अमरावतीहून परत येत होता. कोंढाळीच्या अलीकडे काटा लालमध्ये गेला. धाब्यावर थांबला, रांजणातलं गार पाणी तापलेल्या इंजिनात ओतलं आणि तशीच गाडी वाडीपर्यंत आणली. वाडीला गाडीने जीव सोडला. पोरगा मात्र हुशार. हेड व्यवस्थित उतरवलं, प्रत्येक नळीला चिठ्ठी, प्रत्येक पायरीचा फोटो. हेड एका मशीन शॉपला दिलं, त्यांनी फेसिंग मारून (खालचा फेस मशीनवर कापून) आरशासारखं करून दिलं. याने नवीन गॅस्केट टाकून जोडलं. स्टार्टर मारला तर इंजिन जड फिरत होतं. याला वाटलं, नवीन काम आहे, टाइट असणारच. आठवडाभर गाडी चालली आणि मग रामदासपेठेत भर ट्रॅफिकमध्ये टायमिंग बेल्टचे (क्रँकवरून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून, कॅम फिरवणाऱ्या पट्ट्याचे) दात गेले.

मी हेड पाहिलं तेव्हा कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) मधला जर्नल, म्हणजे तो टेकून फिरतो तो गुळगुळीत भाग, ओरबाडून निघाला होता. कारण साधं आहे. हेड वाकतं तेव्हा फक्त खालचा फेस वाकत नाही, वर कॅम ज्या भोकांत फिरतो त्यांची ओळही वाकते. खालून कापलं की खालचा फेस सरळ होतो, वरची ओळ वाकडीच राहते. त्या वाकड्या ओळीत सरळ कॅम घातला की मधे तो दाबला जातो, तेल तिथे टिकत नाही. मशीन शॉपवाल्याने विचारलं नाही आणि याने सांगितलं नाही.

म्हणून फेसिंगला देण्याआधी हे करा. स्ट्रेट एज (सरळ धारेची पट्टी) आणि फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचा संच) घेऊन खालचा फेस लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर तपासा. एवढ्या छोट्या हेडला ०.०५ मिलिमीटरची पाती खाली शिरली तर मी ते सरळ मानत नाही. मग हेड उलटवा आणि वरच्या, टॅपेट कव्हरच्या बाजूनेही तीच पट्टी लावा. शेवटी, ८०० असेल तर, रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारे तुकडे) काढून, जर्नलला तेल लावून नुसता कॅम बसवा आणि हाताने फिरवा. दोन बोटांत फिरला पाहिजे. अडकत असेल तर फेसिंग हा इलाज नाही. चांगला मशीनवाला हेड तापवून, शिम (पातळ पट्ट्या) लावून सरळ करतो आणि मग फेस मारतो, पण असे लोक कमी आहेत. त्या मुलाला शेवटी कबाड्याकडून दुसरं हेड घ्यावं लागलं, आणि तेही आम्ही दुकानातच पट्टी लावून घेतलं. कबाडी हसत होता. हसू द्या.

आणि मशीनवाल्याला "जेवढं लागेल तेवढंच काढ" असं तोंडाने सांगा. जास्त कापलं की कॉम्प्रेशन वाढतं, व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो आणि ८०० मध्ये कॅम हेडमध्येच असल्यामुळे टायमिंगही किंचित सरकतं.

व्हॉल्व्ह घासायची घाई

नवशिक्याला हेडमध्ये एकच काम आवडतं: व्हॉल्व्हला ग्राइंडिंग पेस्ट लावायची, काठीला चिकटवायचा आणि खरखर फिरवत बसायचं. काम केल्यासारखं वाटतं. पण गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) झिजलेले असतील तर तो व्हॉल्व्ह दर वेळी वेगळ्या जागी बसणार, तुम्ही तासभर घासा की दिवसभर. आधी व्हॉल्व्ह सीटवरून (तो बसतो त्या कड्यावरून) सेंटीमीटरभर उचलून आडवा हलवून पाहा. नव्या व्हॉल्व्हसोबतही स्पष्ट हलत असेल तर गाइड बदलायचे. गाइड बदलले की सीट परत कापावी लागते, कारण मध्य सरकलेला असतो. मग हलकं घासणं, आणि सगळ्यात शेवटी नवीन सील (तेल अडवणाऱ्या रबरी टोप्या). हा क्रम उलटा केला की सकाळी स्टार्ट करताना निळा धूर आलाच म्हणून समजा.

ड्रिल मशीनला व्हॉल्व्ह लावून फिरवणारे व्हिडिओ बंद करा. सीट रुंद होते, आणि रुंद सीटवर दाब पसरल्यामुळे कार्बन चिरडला जात नाही, तिथून गळती सुरू होते. राखाडी, अखंड, बारीक पट्टा दिसला की थांबायचं. पेस्टचा कणही राहता कामा नये. स्प्रिंगा बसवल्यावर हेड आडवं ठेवून पोर्टमध्ये रॉकेल किंवा डिझेल भरा आणि चहा पिऊन या. चेंबरच्या बाजूला ओल दिसली तर तो व्हॉल्व्ह परत काढायचा.

कुठला व्हॉल्व्ह कुठला, हा गोंधळही इथेच होतो. मी संत्रा बर्फीच्या डब्याच्या झाकणाला भोकं पाडतो, त्यात व्हॉल्व्ह खोचतो आणि पेनने नंबर टाकतो. काढलेले रॉकरही त्याच क्रमाने त्याच डब्यात. "लक्षात राहते" म्हणणाऱ्यांच्या लक्षात काही राहत नाही.

कॉस्टिकचा टब

अँबेसेडरचं हेड बिडाचं. ते कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात टाकून साफ करतात हे खरं आहे. ते पाहून एकाने ८०० चं हेड रात्रभर कॉस्टिकमध्ये बुडवून ठेवलं. सकाळी टबात साबणासारखा फेस होता आणि हेड काळं पडून खड्ड्या-खड्ड्यांचं झालं होतं. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला अक्षरशः खातं, आणि त्यातून निघणारा हायड्रोजन पेट घेतो तो वेगळाच. अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल, ब्रश आणि सबुरी एवढंच.

त्याच्याच जवळची चूक म्हणजे जुनी गॅस्केट काढायला ग्राइंडरवर सँडिंग डिस्क लावणे. फेसवर खळगे पडतात, आणि डिस्कची भुकटी तेलातून बेअरिंगपर्यंत पोचते. लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी घ्या, वेळ लागू द्या.

थोडक्यात उरकण्यासारख्या चुका

गरम इंजिनाचे हेड बोल्ट सोडू नका, रात्रभर थंड होऊ द्या. सोडताना बाहेरून मध्याकडे, थोडे थोडे.

हेड चिकटलं म्हणून फेसच्या फटीत पेचकस घालू नका.

टायमिंगच्या खुणा जुळवल्याशिवाय बेल्ट काढू नका.

हेड गॅस्केटला बॉन्ड फासू नका. तो दाबून तेलाच्या भोकात शिरतो. आणि तेलाचं भोक गॅस्केटच्या भोकाशी जुळतंय का, हे बसवण्याआधी बोटाने तपासा.

बोल्ट आवळण्याआधी

ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत तेल किंवा पाणी साचलेलं असतं. भोक खालून बंद असेल तर बोल्ट आवळताना त्या तेलाला जायला जागा नसते. एक तर टॉर्क (आवळण्याचा जोर) खोटा दिसतो, नाही तर ब्लॉकला चीर जाते. सिरिंजने ओढून घ्या, मग हवा मारा, वरून कपडा धरून.

टॉर्क रेंच विकत नसेल घ्यायचा तर मागून आणा, पण अंदाजाने आवळू नका. ज्यांचा हात पक्का असतो त्यांनी आयुष्यभर तेच केलेलं असतं, तुमचं हे पहिलं हेड आहे. जुन्या मॅन्युअलमध्ये आकडे किलोग्रॅम-मीटरमध्ये असतात, नवीन रेंचवर न्यूटन-मीटर. म्हणजे तिथले ६ इथले साधारण ५९. मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत.

टॅपेटची, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली, फट सेट करताना कानावर जाऊ नका. टिकटिक आवडत नाही म्हणून लोक फट कमी करतात. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता सीटमधून हेडमध्ये जात नाही आणि त्याची कड जळते. मॅन्युअलमध्ये थंड आणि गरम इंजिनाचे आकडे वेगळे असतात, कुठला वापरताय ते बघा. थोडा आवाज आला तर येऊ द्या.

स्टार्टरला हात लावण्याआधी पाना लावून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, खुणा परत बघायच्या. कूलंट भरताना हीटरचा नॉब गरमवर ठेवा, नाही तर आत हवा अडकते. पंखा एकदा सुरू होऊन बंद होईस्तोवर इंजिन जागेवर चालू ठेवा, मग बंद करून रात्रभर तसंच सोडा. सकाळी कॅप थंड असताना उघडा, पातळी उतरलेली असेल तेवढी भरा, आणि तेलाची कांडी काढून बघा. तिच्यावर दुधाळ काही दिसलं तर गाडी रस्त्यावर न्यायची नाही.