केस पडली तर सीमाभागात या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कुणावर केस पडली की पहिला फोन पुढाऱ्याला जातो आणि दुसरा चंदगड-गडहिंग्लजच्या पाहुण्यांना. वकिलाचा नंबर त्यानंतर. तोवर ठाण्यात दोन-तीन कन्नड कागदांवर सह्या झालेल्या असतात, आणि पुढे सगळ्यात महाग पडतात त्या याच सह्या.

न वाचता सही

कुठल्या कागदावर सही लागते आणि कुठल्यावर नाही, हे आधी ओळखा. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर (नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 180) जबाब देणाऱ्याची सही घ्यायची नसते, असे कलम 181 स्पष्ट सांगते. पोलिसांपुढची कबुली पुरावा ठरत नाही. मात्र तुम्ही सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी जोडलेला तेवढा भाग पुराव्यात येतो. म्हणून कोऱ्या कागदावर सही नाही म्हणजे नाही.

अटकेच्या मेमोवर आणि जप्तीच्या महजरवर (म्हणजे पंचनाम्यावर) सही मागितली जाते. कन्नड वाचता येत नसेल तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने मराठीत लिहा: ‘मजकूर मला मराठीत वाचून दाखवला नाही’. खाली तारीख आणि वेळ टाका. आरडाओरडा करण्यापेक्षा ही एक ओळ पुढे जास्त उपयोगी पडते.

अटकेची कारणे लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यावीत, असे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2025 मध्ये सांगितले आहे. लगेच शक्य नसेल तर आधी तोंडी सांगावीत, पण रिमांडसाठी (कोठडीचा आदेश घेण्यासाठी) मॅजिस्ट्रेटसमोर हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी कागद हातात पडला पाहिजे. तो मराठीत मागा. अटकेपासून 24 तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) मॅजिस्ट्रेटसमोर उभे केले जाते. तिथे मान हलवून गप्प बसू नका. मारहाण झाली, कारणे दिली नाहीत, घरी कळवले नाही, यातले जे खरे असेल ते मराठीतच सांगा आणि नोंदवून घ्यायला लावा. चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. पूर्ण वेळ त्याला शेजारी बसवून ठेवण्याचा मात्र नाही. खटल्यात साक्ष कन्नडमध्ये चालली असेल तर ती तुम्हाला समजणाऱ्या भाषेत सांगावी, अशी तरतूद कलम 314 मध्ये आहे. न मागता सहसा कुणी ती वापरत नाही.

हद्द ओलांडून पाहुण्यांकडे जाणे

शिनोळी ओलांडली की सुटलो, हा समज जुना आणि घातक आहे. कर्नाटकचे पोलीस महाराष्ट्रात येऊन अटक करू शकतात. शिवाय ‘फरार’ हा शिक्का बसला की जामीन अवघड होतो, आणि फरारी म्हणून जाहीरनामा निघाला तर अटकपूर्व जामीन जवळजवळ संपल्यातच जमा. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचे सर्किट बेंच बसते, म्हणून काहीजण तिकडे धावतात. गुन्हा बेळगावच्या हद्दीतला असेल तर महाराष्ट्रातले कोर्ट फार तर थोड्या मुदतीचे संरक्षण देईल, तेही तिथे येण्याचे खरे कारण दाखवल्यावर. अटकपूर्व जामिनाचा सरळ रस्ता म्हणजे कलम 482 खाली बेळगावचे सेशन्स कोर्ट आणि तिथे नाही झाले तर हायकोर्टाचे धारवाड खंडपीठ.

नोटीस अंगावर काढणे

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात बहुतेक वेळा अटकेऐवजी कलम 35(3) ची नोटीस येते. मोर्चा, 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची फेरी, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस अशा केसेस बहुधा याच गटातल्या. नोटिशीप्रमाणे हजर राहिलात तर कारणे नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही; दांडी मारलीत तर अटकेला आयते कारण मिळते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नोटीस सुप्रीम कोर्टाने 2025 मध्ये ग्राह्य धरलेली नाही, तरी ती आली की वकिलाला दाखवा. आणि घाबरून फोन साफ करू नका. पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा अंगावर येतो, आणि समोरच्याच्या फोनवर तो मेसेज असतोच. फिर्यादीला ‘मिटवून घेऊ’ म्हणून स्वतः फोन करणेही तसेच. त्याला साक्षीदारावर दबाव म्हणतात.

कोठडीत असलेल्याच्या घरच्यांनी दिवस मोजावेत. पहिल्या रिमांडचा दिवस धरून 60 दिवसांत (फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून जास्त शिक्षेचे गुन्हे असतील तर 90) आरोपपत्र आले नाही तर जामीन हक्काने मिळतो. मात्र आरोपपत्र येण्याआधी अर्ज पडला पाहिजे. उशीर केलात आणि तेवढ्यात आरोपपत्र दाखल झाले, की तो हक्क गेला.

जामीनदाराचे घोडे बहुधा उताऱ्यावर अडते. इथल्या जमिनीचा उतारा आणि आधार कार्ड असलेला माणूस असेल तर काम लवकर होते. मेव्हण्याचा चंदगडचा सातबारा असेल तर अडचण सांगितली जाईल. पण केवळ दुसऱ्या जिल्ह्यातला किंवा राज्यातला म्हणून जामीनदार नाकारू नये, असे सुप्रीम कोर्टाने 1978 च्या मोतीराम प्रकरणात म्हटले आहे. रक्कम झेपत नसेल तर ती कमी करण्याचा अर्ज सेशन्स कोर्टात करता येतो.

वकिलाला पैसे नसतील तर 15100 वर फोन करा किंवा बेळगावच्या जिल्हा कायदेविषयक सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतली व्यक्ती, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. वकील नेमताना त्याला कन्नड कागद वाचता येतो आणि तुमच्याशी मराठीत बोलता येते, एवढे मात्र पाहून घ्या.