तालुक्याच्या गावी घटस्फोटासाठी वकील करताना या चुका टाळा

गावात वकील मोजके, त्यातही कौटुंबिक दावे नेहमी चालवणारे हाताच्या बोटांवर, आणि प्रत्येक जण कुणाचा तरी पाहुणा. पहिली चूक इथेच होते. "काकांच्या ओळखीचे आहेत, पैशाचं कसं विचारायचं?" विचारायचं, आणि पहिल्याच भेटीत. ओळखीतलाच फीचा वाद जास्त चिघळतो, कारण आकडा आधी कुणी उच्चारलेलाच नसतो.

त्याच्याही आधी एक काम. बसल्याबसल्या सगळी कर्मकहाणी सांगू नका. आधी जोडीदाराचं नाव सांगा आणि विचारा, "हे तुमच्याकडे येऊन गेलेत का?" एका बाजूला सल्ला दिला की त्याच प्रकरणात वकिलाला दुसऱ्या बाजूने उभं राहता येत नाही, असा बार कौन्सिलचा नियम आहे. परस्पर संमतीच्या अर्जात बऱ्याचदा दोघांचा वकील एकच असतो. पण पोटगी किंवा मुलांचा ताबा यावर एकमत नसेल, तर आपला वकील वेगळाच करा.

"एकूण किती?" एवढंच विचारून भागत नाही. नोटीस, दावा दाखल करणं, अंतरिम पोटगीचा अर्ज, पुरावा, उलटतपास: यातलं काय काय त्या आकड्यात धरलंय? दर तारखेचे वेगळे द्यायचे का? हे कागदावर घ्या, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी. नाहीतर तारखेला कोर्टाच्या जिन्यात कारकून गाठतो, "नकलेचे, टायपिंगचे, बजावणीचे मिळून द्या," आणि घाईत आपण देऊन मोकळे होतो. महिन्याभराने त्यातलं काही कुणाला आठवत नाही. शक्यतो ऑनलाइन द्या आणि कशाचे ते तिथेच लिहा. "पोटगी मिळाली की त्यातला टक्का द्या" असं कुणी म्हटलं तर सरळ उठा. निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलांना मनाई आहे.

वकिलासाठी दागिने मोडणाऱ्या बायका पाहिल्या की वाईट वाटतं. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा, हेल्पलाइन १५१००. शिवाय हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली दाव्याचा खर्च जोडीदाराकडून मागता येतो. स्वतःचं पुरेसं उत्पन्न नसेल तर नवराही तो मागू शकतो.

वकील फोन उचलत नाहीत? भांडायच्या आधी ई-कोर्ट्स अ‍ॅपमध्ये प्रकरणाचा १६ अक्षर-अंकी सीएनआर नंबर टाका. मागच्या तारखेला काय झालं, पुढची कधी, हे घरबसल्या दिसतं. गैरहजेरीत दावा काढून टाकलेला दिसला तर थांबू नका. तो पुन्हा फाईलवर घेण्याच्या अर्जाला ३० दिवसांची मुदत असते.

वकील बदलायचाच असेल तर हिशेब मिटवून जुन्या वकिलांची ना-हरकत सही घ्या. फी बाकी असली तरी फाईल अडवून ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये स्पष्ट केलंय; बाकीची वसुली त्यांनी वेगळ्या मार्गाने करायची.

आणि वकीलपत्रावर सही करताना सोबत कोरे कागद पुढे सरकवले, तर ते तसेच परत सरकवा. लग्नाच्या दाखल्याची आधी झेरॉक्सच द्या. मूळ प्रत कोर्टात हजर करायची वेळ येईल तेव्हा स्वतः घेऊन जा.