एसएटीचे कुठले स्कोअर पाठवायचे? आधी कॉलेजचा नियम बघा

गेल्या रविवारी कोथरूडला मामाकडे गेलो तर मामेबहीण लॅपटॉप उघडून बसलेली, अमेरिकेतल्या कॉलेजांच्या ॲडमिशनसाठीची परीक्षा, एसएटी, दोनदा देऊन झालीये आणि आता पाठवायचं काय यावर घरात तीन मतं. मामा म्हणे दुसरा पाठव, तो जास्त आहे, विषय संपला. मामी म्हणे दोन्ही पाठव, लपवायचंय काय त्यात. मैत्रीण फोनवरून म्हणे टेस्ट ऑप्शनल आहे ना, म्हणजे स्कोअर दिलाच पाहिजे असं नाही, मग पाठवूच नकोस. गंमत म्हणजे तिघांचंही बरोबर आहे, फक्त वेगवेगळ्या कॉलेजांसाठी.

म्हणून स्कोअरकडे बघत बसण्याआधी कॉलेजांची यादी काढा, साधी एक्सेल पुरते, आणि प्रत्येकाच्या ॲडमिशनच्या पानावर टेस्टबद्दल काय लिहिलंय ते स्वतः वाचा. क्लासवाल्याने सांगितलेलं धरून चालू नका, हे नियम २०२० नंतर इतक्यांदा बदललेत की दोन वर्षांपूर्वीची माहितीसुद्धा शिळी निघते. एमआयटीने २०२२ मध्ये टेस्ट परत सक्तीची केली, हार्वर्डने २०२४ मध्ये. येलला काहीतरी स्कोअर लागतो पण एसएटी, तशीच दुसरी परीक्षा एसीटी, किंवा एपी, आयबी या विषयवार परीक्षा, यातलं काहीही चालतं. आणि कॅलिफोर्नियाची युसी, म्हणजे बर्कली, यूसीएलए वगैरे, तिथे ॲडमिशन ठरवताना एसएटी बघतच नाहीत, १६०० पैकी १६०० असले तरी.

आता बहिणीचे आकडे. पहिल्यांदा १३९०, त्यात इंग्लिश ६४० आणि मॅथ्स ७५०. दुसऱ्यांदा १४२०, दोन्हीत ७१०. मामाचं ऐकून नुसता दुसरा पाठवला तर ते ७५० वाया. बरीच कॉलेजं सुपरस्कोअर करतात, म्हणजे इंग्लिशचा बेस्ट आणि मॅथ्सचा बेस्ट उचलून बेरीज, ७१० अधिक ७५०, झाले १४६०! पण त्यासाठी दोन्ही तारखांचे स्कोअर त्यांच्याकडे हवेत, कारण कॉलेज बोर्डाच्या, म्हणजे एसएटी घेणाऱ्या संस्थेच्या, स्कोअर चॉइसमध्ये तुम्ही तारीख निवडू शकता, एका तारखेतलं नुसतं मॅथ्स पाठवता येत नाही. जे कॉलेज सुपरस्कोअर करत नाही, एकाच दिवसाचा सगळ्यात चांगला बघतं, तिथे मामा बरोबर. आणि जॉर्जटाउनसारख्या ठिकाणी मामीचंच चालतं, तिथे दिलेल्या सगळ्या परीक्षांचे स्कोअर मागतात, निवडानिवड नाही.

टेस्ट ऑप्शनल असेल तिथे खरी डोकेदुखी. कॉलेजचं नाव टाकून त्याचा कॉमन डेटा सेट, म्हणजे कॉलेजने स्वतःच दिलेली आकडेवारी, शोधा, पीडीएफ मिळते, त्यात सी९ नावाचा भाग असतो आणि तिथे प्रवेश घेतलेल्या मुलांचा पंचविसावा आणि पंच्याहत्तरावा पर्सेंटाइल दिलेला असतो. तुमचा स्कोअर या दोन आकड्यांच्या मधोमध किंवा वर असेल तर बिनधास्त पाठवा. खालच्या आकड्याच्याही खाली असेल तर राहू द्या. जेमतेम आत असेल तर मी काय शिकायला चाललोय ते बघेन, इंजिनिअरिंग असेल आणि मॅथ्स चांगलं असेल तर पाठवेन. एक लक्षात असू द्या, ऑप्शनल कॉलेजात ज्यांचे चांगले असतात तेच पाठवतात, त्यामुळे हे आकडे फुगलेले असतात, बघून लगेच हातपाय गाळू नका.

फुकटच्या चार रिपोर्टांचं काय? नोंदणीपासून परीक्षेनंतर ९ दिवसांपर्यंत चार कॉलेजांना फुकट पाठवता येतो, पण निकाल लागायला साधारण दोन आठवडे जातात, म्हणजे फुकट हवं तर डोळे झाकून पाठवायचं. मी माझ्या वेळी फुकट आहे म्हणून चारही रकाने भरून टाकले, पुणेकर शेवटी, आणि नेमका तोच पेपर गंडला. गेलेला स्कोअर परत मागवता येत नाही. नंतर पाठवायचा तर कॉलेजमागे हजार रुपयांच्या वर जातात हे खरं, पण बरीच कॉलेजं कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांसाठीच्या एकाच ऑनलाइन अर्जात, तुम्ही स्वतः टाइप केलेला स्कोअर चालवून घेतात आणि ऑफिशियल रिपोर्ट तिथे जायचं नक्की झाल्यावरच मागतात. एक्सेलमध्ये यासाठी वेगळा कॉलम ठेवा.

आणि हो, दुसऱ्यांदा नोंदणी करताना नवीन ईमेलने नवीन अकाउंट काढू नका. एकदा वडिलांचं नाव मध्ये घालून आणि एकदा न घालता अशी दोन अकाउंट झाली तर दोन्ही स्कोअर एकत्र दिसत नाहीत, मग कॉलेज बोर्डाला गाठून जोडून घ्या. हे ऑक्टोबरच्या आत उरका, अर्लीच्या, म्हणजे लवकर अर्ज करायच्या फेरीच्या, बऱ्याच डेडलाइन १ नोव्हेंबरला असतात आणि तेव्हा घरात दिवाळीची गडबड.

बहिणीची यादी शेवटी आठ कॉलेजांची झाली. युसीच्या दोन ठिकाणी काहीच नाही, एका ऑप्शनल कॉलेजचा खालचा आकडाच १४८० निघाला म्हणून तिथेही नाही, उरलेल्या पाच ठिकाणी दोन्ही, त्यातल्या चार ठिकाणी सध्या नुसतं टाइप करून. म्हणजे पैसे एका रिपोर्टचे. मामाने चष्मा लावून अख्खी एक्सेल दोनदा खालीवर केली, नुसता दुसरा पाठवायचं कॉलेज त्यात एकही नव्हतं.