मेंढीपालनातला नफा कसा मोजावा: जात, निगा आणि कोकराचा भाव

मेंढीपालन परवडते की नाही, ही चर्चा बहुधा कोकराच्या भावापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. भाव चढला की धंदा चांगला आणि उतरला की वाईट, हा हिशेब सोपा असला तरी कळपात नेमके काय सुधारायचे, हे त्यातून कधीच कळत नाही. भाव पाळणाऱ्याच्या हातात फारसा नसतो. एका मेंढीमागे वर्षाला किती किलो कोकरू दूध तोडेपर्यंत जगवले आणि त्या मेंढीला वर्षभर पोसायला किती खर्च आला, हे दोन आकडे मात्र बऱ्याच अंशी त्याच्या हातात असतात. जात कोणती घ्यावी, निगेवर किती खर्च करावा आणि कोकरू कधी विकावे, हे तिन्ही वाद याच आकड्यांवर तपासून पाहावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिशेबासाठी प्रत्येक मेंढीच्या कानात बिल्ला आणि हाताशी एक वही एवढे पुरे. समजा, कळपात १०० मेंढ्या आहेत, त्यांतल्या ९० व्यायल्या आणि १२५ कोकरे झाली. दूध तोडण्याआधी १९ कोकरे दगावली, तर १०६ उरतात. जुन्या मेंढ्यांच्या जागी २० माद्या कळपात ठेवल्या, तर विक्रीला ८६ राहतात. हीच मरतूक १० वर आणली, तर विक्रीला ९५ कोकरे मिळतात. मेंढ्यांचा वर्षाचा खर्च जवळपास तोच राहतो आणि विक्री मात्र दहा टक्क्यांहून अधिक वाढते. भावात तेवढी वाढ व्हावी म्हणून कितीही वाट पाहिली तरी ती होईलच, याची खात्री नसते. खर्चाच्या बाजूला चारा, खुराक, औषधे आणि कातरणी यांच्याबरोबर घरच्या माणसांची मजुरी आणि पैदाशीच्या मेंढ्याची किंमतही धरावी, कारण घरच्या मजुरीला शून्य किंमत देऊन दाखवलेला नफा हा खरा नफा नव्हे. भाकड राहिलेली मेंढीसुद्धा वर्षभर खातेच, म्हणून लागोपाठ दोन हंगाम गाभण न राहिलेली मेंढी कळपात ठेवू नये.

जातीचा वाद सर्वांत हिरिरीने होतो, पण सगळीकडे श्रेष्ठ ठरेल अशी जात नाही. मेरिनो तलम लोकरीसाठी मोलाची आहे. सफोक आणि टेक्सेल यांची कोकरे मांसाला भरदार होतात, मात्र टेक्सेलसारख्या भरीव अंगाच्या जातीत विताना अडचण येण्याचा धोका लक्षात घ्यावा लागतो. डॉर्पर ही जात दक्षिण आफ्रिकेत १९३० च्या दशकात डॉर्सेट हॉर्न आणि काळ्या डोक्याची पर्शियन यांच्या संकरातून तयार झाली. तिची लोकर बरीचशी आपोआप गळते. जाड्याभरड्या लोकरीच्या विक्रीतून कातरणीची मजुरीसुद्धा निघत नसेल, तिथे ही गोष्ट थेट हिशेबात उतरते.

जात निवडताना दोन आकडे आवर्जून पाहावेत. पहिला मेंढीच्या वजनाचा. ८० किलोच्या मेंढीला नुसती तब्येत टिकवण्यासाठी ५० किलोच्या मेंढीपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त खाद्य लागते. मोठ्या मेंढीने ३५ किलोचे कोकरू दिले आणि लहानीने ३० किलोचे, तर बाजारात मोठे कोकरू उठून दिसेल, पण खाद्याच्या प्रमाणात लहान मेंढीचीच कमाई जास्त ठरेल. दुसरा आकडा एका वेतातल्या कोकरांचा. फिनशीप आणि रोमानोव्ह या जाती एका वेळी अनेक कोकरे देतात. बुरूला मेरिनो या मेरिनोच्याच एका प्रकारात आढळलेले फेकबी हे जनुक, ज्याचा उगम गॅरोल या लहान चणीच्या मेंढीपर्यंत जातो, तेही जुळ्यांचे प्रमाण वाढवते. मात्र मेंढीला सड दोनच असतात. चारा कमी पडणाऱ्या जागी तिळी कोकरे म्हणजे तीन अशक्त जीव आणि खंगलेली आई. त्यामुळे जुळी जगवण्याइतका चारा आणि विण्याच्या काळात राबणारे हात यांची आधी खात्री करावी आणि मगच जास्त विणारी जात आणावी. बहुतेकांसाठी, त्या हवामानाला रुळलेल्या माद्या ठेवून विक्रीच्या कोकरांपुरता मांसल जातीचा मेंढा वापरणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. संकरामुळे आलेला जोम पुढच्या पिढ्यांत ओसरतो, म्हणून अशा संकरित कोकरांतून पैदाशीचा मेंढा निवडू नये.

निगेचा विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मेंढी अंगाने कशी आहे, हे नजरेने कळत नाही, कारण लोकर हाडे झाकते. शेवटच्या बरगडीमागे कमरेवर हात ठेवून कण्याचे मणके आणि बाजूची आडवी हाडे चाचपावीत. हाडांची टोके धारदार लागली आणि बोटे सहज त्यांच्या खाली शिरली, तर मेंढी खंगलेली आहे. टोके गोलसर लागली आणि ती जाणवण्यासाठी थोडा दाब द्यावा लागला, तर ती मध्यम, म्हणजे पाचपैकी तीन गुणांची. मेंढा सोडताना मेंढ्या या अवस्थेत असाव्यात. गाभणकाळ सुमारे १४७ दिवसांचा असतो आणि पोटातल्या कोकराची बहुतांश वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. नेमके याच वेळी वाढत्या गर्भाशयामुळे मेंढीच्या पोटात चाऱ्याला जागा कमी उरते, म्हणून कमी जागेत जास्त पोषण देणारा खुराक हळूहळू वाढवत न्यावा. तसे न केल्यास जुळी असलेली मेंढी अंगातली चरबी वेगाने जाळू लागते, खाणे सोडते, सुस्त पडते आणि पुष्कळदा दगावते. गायीम्हशींचे क्षारमिश्रण मेंढ्यांना देऊ नये. त्यातले तांबे मेंढीच्या यकृतात साठून विषबाधा होते.

कोकरू जन्मल्यावरचे पहिले काही तास निर्णायक असतात. नाळेला आयोडीन लावावे, आईने चाटून कोरडे केले का ते पाहावे आणि पहिल्या दोन तासांत ते चीक प्यायल्याची खात्री करावी. कोकराच्या तोंडात बोट घालून पाहावे: तोंड गार लागले आणि पोट खपाटीला गेलेले असेल, तर ते प्यायलेले नाही, मग ते आईजवळ उभे का असेना. अशा वेळी वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ५० मिलिलिटर चीक पाजावा, मात्र गारठून मान टाकलेल्या कोकराला आधी ऊब द्यावी, कारण गिळण्याचे त्राण नसताना पाजलेला चीक फुप्फुसात जातो. ही धावपळ दोन-तीन आठवड्यांचीच असते, पण वर्षाच्या नफ्याचा मोठा भाग त्यातच ठरतो. आंत्रविषार, म्हणजे आतड्यात विष तयार होऊन होणारा रोग, याची लस मेंढीला विण्यापूर्वी चार ते सहा आठवडे टोचली, तर चिकातून कोकरालाही संरक्षण मिळते.

जंतांबाबत सरसकट सगळ्या कळपाला वारंवार औषध पाजण्याची सवय सोडावी, कारण त्याने औषधाला न जुमानणारे जंतच मागे उरतात. रक्त शोषणाऱ्या हिमोंकस जंताचा त्रास असलेल्या भागात खालच्या पापणीच्या आतला रंग तक्त्याशी ताडून पाहण्याची फमाचा पद्धत उपयोगी पडते. पापणी लालबुंद असेल तर औषध नको, फिकट पांढुरकी असेल तर तातडीने हवे. ज्या मेंढ्या पुन्हा पुन्हा फिकट आढळतात, त्यांची पैदास थांबवावी.

शेपटी कापणे, खच्चीकरण आणि मेरिनोच्या मागच्या भागाची कातडी कापून काढण्याची म्युलसिंग ही पद्धत यांवर खरा मतभेद आहे. शेणामुताने माखलेल्या मागच्या भागावर माशी बसून किडे पडणे हा जीवघेणा त्रास असतो, हे कापण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. पण न्यूझीलंडने २०१८ मध्ये म्युलसिंगवर बंदी घातली, आणि कमी सुरकुत्यांची, मागच्या भागावर लोकर नसलेली मेंढी निवडून पैदास करणे हा पर्याय उपलब्ध आहे. वेदनाशामकाचा खर्च कोकराच्या भावातून परत मिळेलच असे नाही, तरीही तो करावा. जिथे कापण्याची गरजच नाही, तिथे केवळ रीत म्हणून कापू नये. नर कोकरे वयात येण्याआधीच विकली जाणार असतील, तर खच्चीकरणाचेही कारण उरत नाही.

विक्रीच्या वेळी वजनकाटा हाताशी असावा. नगावर उक्ता सौदा करताना व्यापाऱ्याची नजर वर्षानुवर्षे मुरलेली असते. आधी वजन केलेले असेल, तर बोलणी बरोबरीने होतात. मांसाचा उतारा जिवंत वजनाच्या साधारण ४५ ते ५० टक्के असतो आणि लांबच्या वाहतुकीत वजन घटते, म्हणून भाव किलोवर ठरवताना वजन कुठे आणि कधी होणार, तेही ठरवून घ्यावे. भाव वाढेल या आशेने कोकरू ठेवायचे असल्यास त्याची रोजची वाढ मोजावी. रोज १५० ग्रॅम वाढणारे कोकरू महिन्यात साडेचार किलो देते. त्या साडेचार किलोंची किंमत महिन्याच्या खुराकापेक्षा आणि मजुरीपेक्षा कमी असेल, तर थांबणे तोट्याचे. वय वाढते तशी अंगावर मांसाऐवजी चरबी चढते आणि प्रत्येक किलोला खाद्य जास्त लागते. मागणीचा काळ ठाऊक असेल, तर तिथून उलटे मोजावे: पाच महिन्यांचे कोकरू विकायचे असल्यास मेंढा सुमारे दहा महिने आधी सोडावा लागतो. थंड प्रदेशातल्या अनेक जाती दिवस लहान होऊ लागल्यावरच माजावर येतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ही मोकळीक कमी असते. दात पडलेल्या किंवा सड निकामी झालेल्या मेंढ्या दूध तोडल्यानंतर महिना-दीड महिना चांगल्या चाऱ्यावर ठेवून, अंग भरल्यावर विकाव्यात आणि त्यांचे पैसेही वहीत कोकरांच्या रकमेशेजारी वेगळे मांडावेत.