झिजलेल्या काँक्रीटवर नवा थर कसा द्यावा

घरासमोरची वाट, ओटा किंवा पायऱ्यांचे काँक्रीट झिजले, की त्यावर सिमेंटचा माल पसरून मोकळे होण्याचा मोह होतो. पण असा थर बहुधा लवकरच पापडासारखा सुटून येतो. त्यात दोष मालाचा क्वचितच असतो. ज्याला धरून तो राहायचा, तो जुना पृष्ठभागच भुसभुशीत असतो. म्हणून निम्म्याहून अधिक वेळ तयारीवर खर्च करावा, असे माझे मत आहे.

आरंभी हातोडीने वीतवीतभर अंतरावर हलके ठोके देत सगळा भाग तपासावा. भक्कम काँक्रीट खणखणीत वाजते, खालून सुटलेले बद्द वाजते. आवाज बदलेल तेथे खडूने कडा आखून घ्याव्यात. पाण्याचे चार थेंबही टाकून पाहावेत. ते न मुरता मण्यांसारखे उभे राहिले, तर तेथे तेल किंवा जुने सीलर (पाणी मुरू न देणारा लेप) आहे आणि ते काढल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. काही आठवड्यांत भेग खुणेपलीकडे सरकली, तर हालचाल अजून चालू आहे आणि वरचा कोणताही थर ती रोखू शकणार नाही. तांबूस डागांसह टवके उडत असतील, तर आतली सळई गंजत आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. बाल्कनी, छज्जा किंवा तुळईवर हे दिसल्यास काम हाती न घेता स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे.

आखलेल्या भागाच्या कडा ग्राइंडरने सरळ उभ्या, सुमारे 10 मिलिमीटर खोल कापाव्यात, कारण कडेला निमुळता होत गेलेला माल सर्वांत आधी उडतो. आतले सैल काँक्रीट छन्नीने काढून गुळगुळीत भागावर टाचे मारावेत. या कामात उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करू शकते. तिच्यापुढे तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही, निदान एन-95 मास्क हवा. नंतर जागा धुऊन रात्रभर भिजत ठेवावी. माल घालतेवेळी ती आतून ओली, पण वर पाणी न चमकणारी असावी: कोरडे काँक्रीट मालातले पाणी ओढून घेते, तर साचलेले पाणी त्याला चिकटू देत नाही.

आता सिमेंट आणि एसबीआर लॅटेक्स (पकड वाढवणारा दुधाळ रबरी द्रव) यांची स्लरी, म्हणजे पातळ घोळ, ब्रशने घासून लावावी आणि ती ओली असतानाच वर माल टाकावा. वाळलेली स्लरी उलट थर सुटायलाच मदत करते, म्हणून एका वेळी आवाक्यातलाच भाग घ्यावा. मालासाठी 1 भाग सिमेंटला 3 भाग चाळलेली वाळू घ्यावी. दर किलो सिमेंटमागे 400 ते 450 मिलिलिटर पाणी पुरते, आणि ओल्या वाळूतले, तसेच मालात लॅटेक्स घातले असेल तर त्यातले पाणीही त्यातच धरावे. तीन-चार मिलिमीटरच्या पातळ थराला हा माल चालत नाही; तेथे तयार पॉलिमर मिश्रणच आणावे. जुन्या काँक्रीटमधले सांधे नव्या थरातही त्याच जागी ठेवावेत, नाहीतर तो नेमका तेथेच तडकतो.

माल फळीने ओढून लाकडी रंध्याने सपाट करावा आणि थांबावे. वरची पाण्याची चमक गेली आणि अंगठा दाबल्यावर उथळ ठसा उमटू लागला, की घोटाई करावी. त्याआधी पाणी शोषण्यासाठी कोरडे सिमेंट भुरभुरण्याची सवय अनेकांना असते. त्याने बनणारा पापुद्रा पुढे पोपड्यांनी निघतो. पायऱ्या आणि उघड्या जागा मात्र घोटून चकचकीत करू नयेत, तर ब्रशने आडव्या रेघा ओढून खरखरीत ठेवाव्यात.

साध्या मालावर ओली गोणपाटे टाकून किमान 7 दिवस पाणी मारावे; लॅटेक्सच्या मालाला मात्र ओलावा थोडेच दिवस लागतो, किती ते डब्यावर दिलेले असते. रंग किंवा सीलर लावण्यापूर्वी सुमारे 45 सेंटिमीटर चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून 16 तास ठेवावे. खाली दव जमले किंवा काँक्रीट काळवंडले, तर अजून थांबावे.