डेस्कटॉपवर कॉलिंग सॉफ्टवेअर टाकताय? आधी तो खालचा स्विच बघा

परवा परत एकाच्या डेस्कटॉपवर इंटरनेट कॉलिंग लावून द्यायचंय, म्हणून यावेळी सगळं आधीच लिहून काढतोय. मागच्या वेळी माझ्या बहिणीचा इंटरव्ह्यू होता, सगळी सेटिंग मी केलेली, आणि माझ्यामुळे त्या इंटरव्ह्यूची माती झाली. तिला समोरच्यांचा आवाज स्वच्छ येत होता, समोरचे मात्र "हॅलो, तुमचा आवाज येत नाहीये" एवढंच म्हणत राहिले, ती माईक तोंडाजवळ धरून जोरजोरात बोलतेय, मी कॉल तोडून सॉफ्टवेअर काढून परत टाकतोय, दोनदा टाकलं, वीस मिनिटं गेली, शेवटी ती मोबाईलवरून बोलली. तिचा पडलेला चेहरा अजून डोळ्यासमोर आहे.

चूक कुठे होती ते आधीच सांगतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात मायक्रोफोन. वर मुख्य परवानगीचा स्विच, त्याखाली ॲप्सची यादी, प्रत्येकासमोर आपापला स्विच. ते सगळे चालू होते, ते बघून मी खिडकी बंद केली. पण अजून खाली सरकवलं की डेस्कटॉप ॲप्ससाठी एक वेगळा स्विच असतो. बाहेरून डाउनलोड करून टाकलेली सॉफ्टवेअर वरच्या, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून आलेल्या ॲप्सच्या यादीतल्या स्विचांनी चालत नाहीत, त्या सगळ्यांचा मिळून हा एकच स्विच. तो बंद होता. आणि मी माईक तपासला होता हो, विंडोजच्याच साउंड रेकॉर्डरमध्ये बोलून ऐकला होता, मस्त आवाज आला होता! पण साउंड रेकॉर्डर स्टोअरवाल्यांपैकी, त्याला वरून परवानगी होती, त्यामुळे ती तपासणी खोटी ठरली. तेव्हा खाली सरकवा, शेवटपर्यंत सरकवा. मॅक असेल तर तिथेही प्रायव्हसीत मायक्रोफोनची यादी असते, आपल्या सॉफ्टवेअरसमोर परवानगी द्या आणि ते पूर्ण बंद करून परत उघडा.

आता क्रमाने. डाउनलोड फक्त मूळ साइटवरून. घरगुती स्काईप ५ मे २०२५ ला बंद झालं, तरी कोणीतरी जुना इन्स्टॉलर शोधून टाकत बसतं, त्यात वेळ घालवू नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टसुद्धा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा मशीन जुनं असेल तर नवीन व्हर्जन त्यावर चालतं का ते आधी वाचा.

हेडफोन. लॅपटॉपवाल्यांना हे कळत नाही, पण डेस्कटॉपला बहुतेक वेळा स्वतःचा माईक नसतोच. मोबाईलच्या हेडफोनची पिन एकच असते, त्या पिनवर तीन काळ्या रेषा दिसतात, आणि डेस्कटॉपच्या मागे हिरवं भोक आवाजाचं आणि गुलाबी माईकचं, अशी दोन वेगळी. ती एक पिन हिरव्यात घातली की ऐकू येतं आणि माईक मात्र मुका राहतो. त्यासाठी दोन पिनांचा स्प्लिटर लागतो, किंवा सरळ यूएसबी हेडफोन घ्या, कटकट संपली. ब्लूटूथ चालतो, पण त्याचा माईक सुरू झाला की ऐकू येणारा आवाजही दबका होतो, म्हणून महत्त्वाच्या कॉलला वायरचाच.

इन्स्टॉल होताना किंवा पहिल्यांदा उघडताना फायरवॉलची (नेटवर्कवरून येणारं-जाणारं अडवणाऱ्या विंडोजच्या पहारेकऱ्याची) खिडकी येते, परवानगी द्यायची का विचारते. घाईत कॅन्सल करू नका, कॅन्सल केलं तर विंडोज बाहेरून येणाऱ्या कनेक्शनला अडवायचा नियमच लिहून ठेवतं आणि मग ती खिडकी परत येत नाही. झालंच असेल तर फायरवॉलच्या परवानगीच्या यादीत जाऊन त्या सॉफ्टवेअरसमोर खूण करा.

मग सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन माईक नावाने निवडा, डिफॉल्टवर सोडू नका. वेबकॅमलाही माईक असतो, आणि विंडोज कधी कधी तोच धरून बसतं, मग तुम्ही हेडफोनमध्ये बोलता आणि आवाज जातो स्क्रीनवरच्या कॅमेऱ्यातून, लांबून बोलल्यासारखा. हेडफोनच्या वायरवर म्यूटचं बारीक बटण असतं, तेही बघा. आणि माईक निवडून झाला की तो खालचा स्विच, बघितलात ना? बघितला असेल तरी परत बघा.

इंटरनेटला लोक उगाच घाबरतात. नुसत्या आवाजाच्या कॉलला दोन्ही बाजूंना साधारण १०० केबीपीएस पुरतात, जी ७११ या जुन्या कोडेकलासुद्धा (कोडेक म्हणजे आवाज डेटात बदलायची पद्धत) ८०-९० च्या आसपासच लागतात. स्पीड टेस्टचा मोठा आकडा बघून खूश होऊ नका, आवाज तुटतो तो पॅकेट, म्हणजे आवाजाच्या डेटाचे छोटे तुकडे, हरवले किंवा उशिरा आले म्हणून. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलताना जाणवत नाही, त्याच्या बरंच वर गेला की दोघं एकदमच बोलायला लागतात. जमेल तर राउटरपासून वायर ओढा. कॉलच्या वेळी फोटोंचा बॅकअप आणि अपडेट थांबवा, अपलोड तेच खातात.

ऑफिसचं एसआयपी खातं (इंटरनेटवरून चालणाऱ्या ऑफिसच्या फोन लाइनचं खातं) असेल तर अजून एक. रजिस्टर झालं, रिंग वाजली, पण आवाज एकाच बाजूने येतोय, किंवा कॉल लागून थोड्या वेळात आपोआप कटतोय, तर राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाची सोय बंद करून बघा. मदतीसाठी असते म्हणे, पण बऱ्याच राउटरवर आवाज कुठे पाठवायचा ते नेटवर्कचे पत्ते तीच बिघडवते. रिंग जाते एका वाटेने (बहुतेक ५०६० पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचं क्रमांक दिलेलं दार) आणि प्रत्यक्ष आवाज दुसऱ्या पोर्टांवरून, म्हणून रिंग वाजली म्हणजे सगळं जमलं असं धरू नका. मात्र एकाच बाजूने आवाज म्हटल्यावर लगेच राउटर उघडायच्या आधी तो खालचा स्विच. लक्षणं अगदी तीच दिसतात, तुम्हाला ऐकू येतं आणि तुमचं कोणाला नाही.

सॉफ्टवेअर काढून परत टाकणं हा उपाय शेवटचा ठेवा. परवानगी विंडोजकडे असते, सॉफ्टवेअर शंभरदा टाकलंत तरी विंडोजचा स्विच आहे तसाच राहतो, मी दोनदा टाकून बघितलंय.

स्वतःचाच आवाज घुमून परत येत असेल तर गडबड सहसा समोरच्याकडे असते, त्याचा स्पीकर त्याच्याच माईकमध्ये जातोय, त्याला हेडफोन लावायला सांगा. ब्राउझरमधून कॉल असेल तर त्या साइटची माईकची परवानगी वेगळी, पत्त्याशेजारच्या खुणेवर क्लिक करून बघा. कॅमेरा, लाईट, पासवर्ड, ते तुम्ही बघालच.

टेस्ट कॉल एकट्याने करू नका. दुसऱ्या घरातल्या, मोबाईल डेटावर असलेल्या माणसाला लावा आणि "येतोय का आवाज" असं न विचारता त्याला तुम्ही म्हटलेले पाच आकडे परत म्हणायला लावा. कॉलच्या दिवशी अर्धा तास आधी रिस्टार्ट, तोच हेडफोन त्याच भोकात, समोरच्यांचा फोन नंबर कागदावर, मोबाईल चार्ज. आणि सेटिंग्ज, प्रायव्हसी, मायक्रोफोन, एकदम खाली.