शहरात शास्त्रीय संगीताची मासिक बैठक कशी चालवावी

पुण्यात शास्त्रीय संगीताचा विषय निघाला की पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव आठवतो. परंतु त्या व्यासपीठावर बसण्याआधी गायकाला जाणत्या श्रोत्यांसमोर सलग दीड-दोन तास गाण्याची सवय व्हावी लागते, आणि ती लहान बैठकींतच होते. पूर्वी ती वाड्यांतल्या मैफलींत आणि मुंबईत गिरगाव-दादरकडच्या म्युझिक सर्कलांत होत असे. आज तिशीच्या आतल्या गायकाला स्पर्धांत दहा-पंधरा मिनिटे मिळतात आणि मोबाईलवरच्या चित्रफितीत त्याहूनही कमी, त्यामुळे विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीत राग सविस्तर उलगडणारी रचना, मांडण्याची उसंत त्याला कुठेच सापडत नाही. पन्नास-साठ श्रोत्यांची मासिक बैठक ही उणीव भरून काढू शकते. तीन-चार समानधर्मी मंडळी मिळून ती चालवू शकतात, मात्र पहिल्या कार्यक्रमाचा थाट ठरवण्याआधी दहावा कार्यक्रम कसा होईल, याचा विचार झालेला असला पाहिजे.

सुरुवात जागेपासून करावी. सोसायटीचे सभागृह, ग्रंथालयाचा वाचनकक्ष, शाळेचा मोठा वर्ग किंवा कोणाच्या बंगल्यातली प्रशस्त खोली, यांपैकी काहीही चालते. पण ठरवण्यापूर्वी खोलीच्या मधोमध उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवावी. टाळीचा आवाज भिंतींवर आपटून रेंगाळत असेल, तर तिथे द्रुत तानांचा, म्हणजे वेगाने घेतलेल्या स्वरांच्या माळांचा, चिखल होईल. सतरंज्या, जाड पडदे, पुस्तकांची कपाटे आणि माणसांनी भरलेली खोली हा दोष बराच कमी करतात, म्हणून रिकाम्या खोलीवरून घाईने निर्णय घेऊ नये. पंखे लावून आणि बंद करून, दोन्ही प्रकारे ऐकावे. रस्त्याचा आवाज आणि शेजारच्या पंपाची घरघर कार्यक्रमाच्याच वेळी जाऊन तपासावी, कारण दुपारी शांत वाटणारी जागा संध्याकाळी तशी राहत नाही. साठ माणसांच्या बंद खोलीत गायनाला ध्वनिक्षेपकाची गरज नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. तो टाळला की भाड्याचा खर्च वाचतो, शिट्ट्या आणि गुणगुण टळते, आणि श्रोत्याला गळ्याचा खरा लगाव, म्हणजे स्वर लावण्याची ढब, ऐकू येतो. तबलजीला मात्र डग्गा (जोडीतले खर्जाचे, डाव्या हाताचे वाद्य) सांभाळून वाजवण्याची विनंती आधीच करावी.

वाद्यांची काळजी हा नवख्या आयोजकांकडून सर्वांत दुर्लक्षित राहणारा भाग आहे. कलाकाराला निमंत्रण देतानाच त्याची पट्टी, म्हणजे तो ज्या सुराला षड्ज मानून गातो तो सूर, विचारून लिहून ठेवावी; ती संवादिनीच्या (हार्मोनियमच्या) काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून सांगतात. पुरुष गायक बहुधा काळी एक किंवा तिच्या आसपास गातात आणि स्त्रिया काळी चार-पाचच्या आसपास. या दोहोंसाठी वेगवेगळा तबला लागतो, तानपुऱ्याच्या तारांची जाडीही बदलते. एकाच संध्याकाळी वेगळ्या पट्टीचे दोन गायक ठेवले, तर तानपुऱ्यांचा दुसरा जोड आणि दुसरा तबला आणावा लागतो आणि मधला अर्धा तास सूर जुळवण्यात जातो. म्हणून एका बैठकीला एकच मुख्य कलाकार ठेवणे उत्तम. तानपुरे कार्यक्रमाच्या किमान दोन तास आधी त्याच खोलीत आणून ठेवावेत, कारण बाहेरच्या हवेतून आलेले लाकूड आणि तारा स्थिरावायला वेळ घेतात आणि घाईत लावलेली जवारी (तारेखाली दोरा बसवून साधलेला गुंजणारा नाद) पंधरा मिनिटांत उतरते. वातानुकूलन यंत्राचा झोत कलाकारांच्या जागेवर येत असेल तर तो वळवावा किंवा खोली आधीच थंड करून यंत्र बंद ठेवावे. गार, कोरड्या हवेने तबल्याची पुडी (वरचे कातडे) ताणली जाते आणि मैफल ऐन रंगात असताना सूर पुन्हा जुळवायला हातोडी काढावी लागते. कलाकार मालकंस गाणार असेल तर तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात लागते, तेव्हा रागाची कल्पना आदल्या दिवशी मिळाली तर बरे, पण तिचा आग्रह धरू नये. राग निवडणे हा सर्वस्वी कलाकाराचा अधिकार आहे.

वेळेबाबत थोडे धाडस करावे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि सभागृहेही त्याच सुमारास रिकामी करून मागतात. परिणामी बहुतेक कार्यक्रम संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊमध्ये बसवले जातात, आणि श्रोत्यांच्या वाट्याला यमन, पूरिया धनाश्री, बागेश्री हेच राग पुन्हा पुन्हा येतात. वर्षातल्या दोन बैठका रविवारी सकाळी सात वाजता ठेवल्या, तर ललत, तोडी, भैरव ऐकायला मिळतील. एखादी दुपारी तीनची ठेवली तर भीमपलास किंवा मुलतानी त्याच्या प्रहरात, म्हणजे परंपरेने ठरलेल्या वेळी, कानावर पडेल. सकाळच्या बैठकीला गर्दी थोडी कमी होते, पण येणारे मन लावून ऐकतात. तारीख मात्र ठरलेली असावी, उदाहरणार्थ दर महिन्याचा दुसरा रविवार, आणि ती कोणा एका कलाकाराच्या सोयीसाठी हलवू नये. गणेशोत्सवाचा महिना आणि महोत्सवांचा डिसेंबर वगळले, तर वर्षाला दहा बैठका होतात आणि तेवढ्याच झेपतात.

आता पैशांविषयी. मानधनाचा आकडा सर्वांत आधी ठरवावा आणि बाकीचा खर्च उरलेल्यात बसवावा. पुष्पगुच्छ, फलक आणि अल्पोपाहारावर खर्च करून कलाकाराला ‘व्यासपीठ मिळाले’ एवढ्यावर समाधान मानायला लावणे हा अन्याय आहे. समजा, चाळीस सभासदांनी दहा बैठकींसाठी प्रत्येकी २,४०० रुपये वर्गणी दिली, तर दर बैठकीला ९,६०० रुपये येतात. उरलेल्या वीस जागांपैकी बारा जागा ३०० रुपयांनी गेल्या तर आणखी ३,६०० रुपये मिळतात. या १३,२०० रुपयांतून मुख्य गायकाला ५,०००, तबला आणि संवादिनीच्या साथीदारांना प्रत्येकी २,२५०, जागेला २,००० आणि चहा-वाहतुकीला १,५०० रुपये दिले, तर २०० रुपये शिल्लक राहतात. ही रक्कम तरुण कलाकाराच्या साधनेच्या मानाने अपुरीच आहे, पण ती ठरलेली असते आणि त्याच दिवशी हातात पडते. मानधनाचे पाकीट कार्यक्रमानंतर लगेच, साथीदारांना स्वतंत्रपणे द्यावे. मुख्य कलाकाराकडे एकत्र रक्कम सोपवून त्याला वाटणीच्या अवघड जागी बसवू नये. साथीदारांची नावे निमंत्रणात मुख्य कलाकाराच्या बरोबरीने छापावीत.

प्रवेशमूल्य माणशी ५०० रुपयांपर्यंत असल्यास संगीताच्या कार्यक्रमावर वस्तू व सेवा कर लागत नाही, आणि शास्त्रीय किंवा लोककलेच्या कलाकाराचे दीड लाखांपर्यंतचे मानधनही करमुक्त आहे, तेव्हा लहान बैठकीला या कराची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. तिकीट विक्री करायची असल्यास कोणता परवाना लागतो, याची चौकशी पोलीस ठाण्यात आधीच करावी. पारंपरिक बंदिशी गायला अडचण नसते. मात्र भारतात रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या रचनेवर हक्क राहतो, म्हणून अलीकडची भावगीते आणि चित्रपटगीते तिकिटाच्या कार्यक्रमात ठेवायची असतील तर परवानगी लागते. ध्वनिमुद्रणाबाबत विशेष जपावे. १९५७ च्या कायद्यानुसार सादरीकरणावर कलाकाराचा स्वतःचा हक्क असतो, तेव्हा मुद्रण करायचे की नाही, ते कुठे ठेवायचे आणि किती काळ, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे. श्रोत्यांनाही मोबाईल बंद ठेवण्याची विनंती सुरुवातीला एकदाच, पण ठामपणे करावी.

कार्यक्रमाचा क्रम अगदी साधा असावा. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांची मनोगते यांत अर्धा तास जातो आणि गळा तापवून बसलेला गायक थंडावतो. निवेदकाने दोन मिनिटांत कलाकाराचे नाव, तालीम आणि साथीदार सांगून बाजूला व्हावे. पुढे भारतीय बैठक आणि मागे दोन रांगा खुर्च्या ठेवाव्यात, कारण जाणत्या श्रोत्यांत गुडघ्यांचा त्रास असणारे पुष्कळ असतात. संगीत शिकणाऱ्या मुलांसाठी पाच जागा विनामूल्य राखाव्यात आणि त्या कलाकाराच्या अगदी समोर असाव्यात. तानपुऱ्यावर बसण्याची संधीही त्यांनाच द्यावी.

कलाकार निवडताना प्रसिद्धीच्या चित्रफिती पाहून फसू नये. किमान चाळीस मिनिटांचा एक राग कापाकापी न करता मुद्रित केलेला मागवावा आणि समितीतल्या तिघांनी तो स्वतंत्रपणे ऐकावा. आपल्याच गुरुकुलातल्या विद्यार्थ्यांना झुकते माप देण्याचा मोह प्रत्येक समितीला होतो. त्यावर उपाय म्हणून वर्षाच्या दहा कलाकारांत एका घराण्याचे किंवा एका गुरूचे दोघांपेक्षा अधिक असू नयेत, असा नियम सुरुवातीलाच लिहून काढावा. वादकांना, विशेषतः सरोद, सारंगी आणि बासरीच्या तरुण कलाकारांना, तीन बैठका तरी राखून ठेवाव्यात. पैशांसाठी दोघांच्या संयुक्त सहीचे वेगळे बँक खाते असावे, आणि मार्चअखेरीस जमाखर्चाचा एक पानी हिशेब सर्व सभासदांना पाठवावा. पुढच्या वर्षाची वर्गणी त्यानंतरच मागावी.